लोणारची दगडफेरी: आकाशातून येणारा धोका हाताने चाचपून बघायचा असेल तर

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण रात्रीच्या सत्राचा कापला आहे. का ते पुढे लिहितो.

लोणारला सरोवर दाखवणारे गाईड पुष्कळ आहेत. गोमुखाची धार, सीतान्हाणी, रामगया, कमळजा, गावातलं दैत्यसूदन, जमलं तर मोठा मारुती असा ठरलेला रस्ता आणि दोन-अडीच तासांत मोकळं. देवळं बघायला आलेल्यांना तेवढं पुरतं. पण हे विवर कशाने झालं, ते कशावरून म्हणायचं आणि तसंच पुन्हा आलं तर आपण काय करणार, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने इथल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांची दगडफेरी करावी. पहाटे सहाला काठावर जमायचं, बाराच्या आत खाली जाऊन वर यायचं आणि संध्याकाळी सातपासून एका घराच्या गच्चीवर दुर्बीण आणि गप्पा. दोन्ही मिळून माणशी 500 रुपये, विद्यार्थ्यांना निम्मे. नाव आणि नंबर जाहीर टाकू नका ही त्यांचीच विनंती. गावात चहाच्या टपरीवर 'दगडवाले सर' म्हणून विचारलं की पत्ता मिळतो.

मी रस्त्याच्या कामांची खडी तपासून देतो. बुलडाणा-जालना पट्ट्यातल्या खदानींमध्ये माझं कायम जाणं-येणं. काळा पाषाण कुठे संपतो, मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या भोकांचा मऊ दगड, कुठे लागतो, लाव्ह्याच्या दोन थरांमधली तांबडी माती कशी दिसते, हे पोटापाण्याचं ज्ञान आहे. त्यामुळे दगडाबद्दल कोणी थाप मारली की लगेच कळतं. इथे मी पूर्ण सकाळ कान देऊन ऐकत होतो आणि एकही थाप सापडली नाही. सोबत अकरावीतली लेक होती. तिचं सगळं लक्ष मंगळावर, पायाखालच्या दगडाकडे आजवर तिने कधी पाहिलं नव्हतं. दुपारपर्यंत ती माझ्याआधी वाकून थर बघायला लागली, हे मला या फेरीचं सगळ्यात मोठं यश वाटतं.

काठावर पोचल्यावर सर आधी काही बोलतच नाहीत. नुसतं बघा म्हणतात. 1.8 किलोमीटर व्यासाची, जवळपास गोल, सव्वाशे-दीडशे मीटर खोल परात आणि तळाशी हिरवट पाणी. उजाडायला लागलं की समोरच्या कड्यावरचे थर एकेक करून दिसू लागतात. मग त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमच्या खदानीत थर कसे असतात?" आडवे, दुसरं काय सांगणार. दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी तव्यावर धिरडं पसरावं तसा पसरत गेला, एकावर एक. सिंदखेडराजापासून मेहकरपर्यंत कुठेही रस्त्याचा कटिंग बघा, थर सपाट दिसतात. इथे काठावर ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, म्हणजे विवराच्या मध्यापासून सगळीकडे ढकलल्यासारखे. आणि काही ठिकाणी तर थर चक्क उलटे पडलेत. जो खाली असायला हवा तो वर, आणि त्याची खरबरीत बाजू खालच्या अंगाला.

एका जागी सरांनी आम्हाला गुडघ्यावर बसवलं आणि तांबड्या मातीच्या पट्ट्यावर बोट ठेवायला लावलं. खदानीत हा पट्टा लागला की आम्ही समजतो, एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती तयार व्हायला वेळ गेला, मग दुसरा लाव्हा येऊन त्या मातीला भाजून गेला. म्हणजे भाजलेली, घट्ट बाजू वर आणि भुसभुशीत खाली. इथे बोट वरून खाली नेलं तर आधी भुसभुशीत लागतं आणि मग घट्ट. माझ्या सगळ्या कामात असा पट्टा मी पाहिलेला नाही. सुरुंगाने दगड फुटतो, सुटतो, उडतो. पण सबंध थर पुस्तकाच्या पानासारखा उलटा होऊन बाहेर पडत नाही. त्यासाठी लागणारी ताकद वेगळ्याच जातीची असते.

ती ताकद किती, हे सर पाटीवर खडूने करून दाखवतात. अंतराळातून येणारा धोंडा सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने येतो, बहुतेक वेळा 15 ते 20 ने. सेकंदाला 20 किलोमीटर धरले तर एक किलो दगडात जवळपास 50 किलो टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा भरलेली असते. धोंड्यात स्फोटक काही नसतं, नुसता वेग असतो. जमिनीवर आदळताक्षणी तो वेग थांबायला जागा शोधतो, धोंडा स्वतः वितळतो, वाफ होतो आणि खालचा कातळ चहूकडे फेकला जातो. म्हणून धोंडा तिरका आला तरी विवर गोलच होतं. तो गुंतागुंतीचा मुद्दा लेकीला पाच मिनिटांत समजला, कारण तिच्यासमोर गोल विवर होतं आणि हातात खडू होता. विवर साधारणपणे धोंड्याच्या दहा ते वीस पट रुंद होतं. तेव्हा लोणार खोदणारा धोंडा शंभर-दीडशे मीटरच्या मापाचा, कदाचित त्याहून लहान. हे माप लक्षात ठेवा, रात्रीच्या सत्रात ते परत लागतं.

उतरायला लागायच्या आधी लोहचुंबकाचा विषय निघाला, कारण शेजारच्या एका घोळक्याला कोणीतरी चुंबकाला चिकटलेली काळी वाळू 'उल्केची भुकटी' म्हणून दाखवत होतं. आमचे सर शांतपणे म्हणाले, तुमच्या गावच्या नाल्यातली वाळू आणा, तीही चिकटेल. बरोबर आहे. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकी खनिज असतंच, चुंबकाला कण चिकटतात यावरून उल्का सिद्ध होत नाही. मोठ्या मारुतीची मूर्ती उल्केच्या दगडाची आहे असं म्हणतात, त्याबद्दलही त्यांनी म्हणतात एवढंच सांगितलं आणि पुढे गेले. जवळच्या अंबर तळ्याला धाकटं विवर म्हणतात. त्यावर त्यांचं उत्तर होतं की ते अजून पक्कं ठरलेलं नाही. मला हा माणूस इथेच आवडला. ज्याला माहीत असलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवता येतं त्याच्यामागून उतरणीवर जायला भीती वाटत नाही.

मग पक्का पुरावा कोणता? 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, त्यानंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचं तोंड असावं असंच बहुतेकांना वाटे. लाव्ह्याच्या मुलखातला खड्डा, तेव्हा शंका स्वाभाविक होती. 1970 च्या दशकात तळ्यात बोअर घेतले तेव्हा शंभरेक मीटर गाळाखाली चुरा झालेला दगड लागला आणि त्यात मास्केलिनाइट सापडलं. हे सांगताना सरांनी पिशवीतून पोलरॉइड गॉगलच्या दोन काचा काढल्या. एकीवर दुसरी आडवी फिरवली की पूर्ण काळोख होतो. मधे काचपट्टी धरली, काळोख तसाच. त्या काचपट्टीवर सेलोटेपचे तुकडे चिकटवले होते, ते मात्र उजळून निळे-पिवळे चमकले. पाषाणातलं फेल्डस्पार हे खनिज स्फटिक आहे, ते पातळ चकतीत असंच चमकतं. पण प्रचंड दाबाचा झटका बसला की त्याच्या आतली रांग मोडते. आकार स्फटिकाचा तसाच राहतो, वितळल्याची खूण नाही, आणि तरी आतून ते काच झालेलं असतं. मग काचा कशाही फिरवा, काळं ते काळंच. तेच मास्केलिनाइट. ज्वालामुखीत इतका दाब तयार होत नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकातल्या चकतीचे दोन लॅमिनेट केलेले फोटो शेजारी शेजारी धरले आणि पुढे सांगायची गरज उरली नाही. लेकीने त्या काचा तीन-चारदा मागून घेतल्या, मीही घेतल्या.

या खनिजाचा पुढचा धागा तर मला ठाऊकच नव्हता. मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बिहारमधल्या एका उल्केत. 25 ऑगस्ट 1865 ला गयेजवळच्या शेरघाटी गावात सुमारे पाच किलोचा एक दगड आकाशातून पडला. विज्ञानात तो 'शेरगोटी' नावाने ओळखला जातो. पुढे शंभरहून जास्त वर्षांनी कळलं की अशा दगडांची जात मंगळावरची आहे. मंगळावर कुठलासा धोंडा आदळला, तिथला पाषाण उडाला, आदळण्याच्या झटक्याने त्यातलं फेल्डस्पार काच झालं, आणि अंतराळात भटकत तो तुकडा बिहारच्या शेतशिवारात येऊन पडला. मंगळाचं कवच आपल्या दख्खनसारखंच लाव्ह्याचं, आणि तिथली विवरंही अशीच काळ्या पाषाणात खणलेली. पृथ्वीवर अशी ताजी, नीट राहिलेली जागा म्हणजे लोणार. म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ इथे येतात. अमेरिकेतलं ॲरिझोनाचं विवर प्रसिद्ध आहे, 1.2 किलोमीटरचं, पण ते वाळूच्या आणि चुन्याच्या दगडात आहे. माझी लेक त्या क्षणी म्हणाली, "बाबा, म्हणजे मंगळावर जायच्या आधी इथे यायला पाहिजे." सर हसले आणि म्हणाले, "बेटा, येतात ना."

वय किती, हा प्रश्न विचारायचाच. इंटरनेटवर एकीकडे 52 हजार वर्षं, दुसरीकडे पाच लाख सत्तर हजार. कोणताही एक आकडा ठोकून पुढे जाता येतं, सरांनी तसं केलं नाही. 52 हजार हा आकडा उष्मादीप्तीच्या पद्धतीने, म्हणजे नमुना तापवल्यावर निघणाऱ्या उजेडावरून, काढलेला. पाच लाख सत्तर हजार हा 2010 मध्ये वितळलेल्या दगडातल्या आरगॉन वायूवरून काढलेला. दुसऱ्या पद्धतीवर बहुतेक शास्त्रज्ञ जास्त भरवसा ठेवतात, असं ते म्हणाले, आणि का ते थोडक्यात समजावलं. दहापटीचा फरक आहे, तरीही धोक्याच्या हिशेबाला दोन्ही आकडे बोलके वाटतात. आपण उभे आहोत तो दगड 6.6 कोटी वर्षांचा. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुमारे 10 किलोमीटरचा धोंडा आदळून डायनोसॉर संपले. म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हाच एक मोठा आघात झाला, आणि त्याच लाव्ह्यावर खूप नंतर हा छोटा झाला. आकाश मधल्या काळात काही थांबलेलं नव्हतं. पृथ्वीवर अशी सिद्ध झालेली विवरं दोनशेच्या आसपास आहेत. भारतात लोणार, मध्य प्रदेशातलं ढाला आणि राजस्थानातलं रामगढ. बाकीची वारा-पाण्याने, मातीने पुसली.

खाली उतरल्यावर हवा बदलते. वर कोरडं माळरान, खाली दाट झाडी, मोर, वानरं, आणि तळ्याजवळ सडक्या अंड्यासारखा वास. पाणी खारट आणि तुरट, सामू दहाच्या वर. पूर्वी इथला क्षार काढला जायचा. ऐन-ए-अकबरीतही इथे काच आणि साबण करायला लागणारं साहित्य मिळत असल्याचा उल्लेख आहे. जून 2020 मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, आठवत असेल. पाऊस नाही, पाणी कमी, क्षार वाढला आणि मिठात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून ते सांगितलं. त्याच वर्षी तळ्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला. देवळांच्या दगडांबद्दल मी काही लिहीत नाही, त्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आहेत. पण कमळजेच्या देवळाजवळ बसून सर जे बोलले ते लिहायलाच हवं. मंगळावरचा गाळ खारट, इथलं तळं खारट, आणि इथे जीव आहेत. तिथे कधीकाळी पाणी साठलेल्या विवरात असे काही जगले असतील का, हा प्रश्न उघडा आहे. त्यांनी उघडाच ठेवला.

रात्रीचं सत्र. आधी चांगलं ते. नवमी-दशमीचा चंद्र होता, त्यामुळे उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. दुर्बिणीत कोपर्निकस लावलं, 93 किलोमीटर व्यासाचं. सकाळी आपण ज्याच्या काठावर तासभर चाललो, ते त्याच्या रुंदीत एका ओळीत पन्नास वेळा मावेल हे ऐकल्यावर गच्चीवर कोणी बोललं नाही. चंद्राला हवा नाही, पाऊस नाही, म्हणून तिथली सगळी हिशेबवही शाबूत आहे. चंद्र आणि पृथ्वी एकाच रस्त्यावर उभे. तिथे जेवढं पडलं, त्या मानाने इथेही पडलंच.

मग धोका. 30 जून 1908 ला सायबेरियात तुंगुस्काला हवेतच स्फोट झाला आणि सुमारे 2000 चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे 20 मीटरचा धोंडा फुटला. दीड हजार माणसं जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी, कारण चमक बघायला लोक खिडकीशी गेले आणि धक्क्याची लाट मागाहून आली. तो धोंडा सूर्याच्या दिशेने आला, म्हणून आधी कोणाला दिसला नाही. हे सांगून सरांनी मुलांना एक कामाची गोष्ट सांगितली: आकाशात डोळे दिपवणारी चमक दिसली तर काचेपासून लांब जायचं आणि खाली बसायचं. ही सूचना भूकंपाच्या सूचनेसारखी प्रत्येक शाळेत सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

140 मीटरपेक्षा मोठे, पृथ्वीच्या जवळून जाणारे धोंडे अंदाजे 25 हजार असावेत आणि त्यातले निम्मेही अजून सापडलेले नाहीत. सापडलेल्यांपैकी मोठा असा कोणी पुढच्या शंभर वर्षांत आदळेल असं दिसत नाही. डिसेंबर 2024 मध्ये सापडलेल्या 2024 वायआर4 नावाच्या धोंड्याची आदळण्याची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये तीन टक्क्यांच्या वर गेली होती, मग निरीक्षणं वाढली तशी ती जवळपास शून्यावर आली. आपल्याकडे त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरलं ते सगळ्यांना आठवतं. आकडा आधी चढला आणि मग उतरला, कारण मार्ग जसजसा नेमका कळत जातो तसं होणारच. सरांनी रेघा काढून ते दाखवलं. 13 एप्रिल 2029 ला अपोफिस नावाचा धोंडा, साडेतीनशे मीटरच्या आसपासचा, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे 32 हजार किलोमीटरवरून जाईल. आपल्या टीव्हीचे उपग्रह त्याच्याहून लांब, 36 हजार किलोमीटरवर असतात. आदळणार नाही, हे नक्की आहे.

आणि डार्ट. 26 सप्टेंबर 2022 ला नासाचं सुमारे 570 किलोचं यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फस नावाच्या धोंड्यावर जाणूनबुजून आदळवलं. पृथ्वीपासून सुमारे एक कोटी दहा लाख किलोमीटरवर, डिडिमॉस नावाच्या मोठ्या धोंड्याभोवती 11 तास 55 मिनिटांत एक फेरी घालणारा. फेरीच्या वेळेत 73 सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची, असं आधी ठरलं होतं. फरक पडला 32 मिनिटांचा. डायमॉर्फस दीडशे-एकशेसाठ मीटरचा. सकाळी पाटीवर काढलेलं माप तेच. म्हणजे लोणार खोदणाऱ्या धोंड्याला माणूस आता धक्का देऊ शकतो, आधी दिसला तर. मी इतकी वर्षं दगड फोडणाऱ्यांबरोबर काम केलं, पण दगडाला वाटेवरून सरकवण्याची ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा आला. युरोपचं हेरा यान ऑक्टोबर 2024 मध्ये तिथला खड्डा नीट मोजायला निघालेलं आहे. सूर्याच्या दिशेचे धोंडे शोधणारी निओ सर्व्हेयर ही अवरक्त दुर्बीण 2027 च्या सुमारास सोडायची योजना आहे. मला सत्राचा हा भाग अजून तासभर चालावा असं वाटत होतं.

इथूनच अर्धा गुण गेला. डार्टनंतर मंगळावरच्या वसाहतीचा व्हिडिओ लावला, काचेचे घुमट, आत बाग, वर जोरात संगीत. वीस मिनिटं त्यात गेली. ज्या माणसाने सकाळी चुंबकाची भुकटी नाकारली त्याने रात्री हे दाखवायला नको होतं. खरं जे होतं ते शेवटच्या दहा मिनिटांत, जेवणाची वेळ झाली म्हणून घाईत उरकलं. ते एवढं मोलाचं होतं की मी इथे पूर्ण लिहितो. क्युरिऑसिटी रोव्हर मंगळाकडे जाताना त्याच्यातल्या यंत्राने रोजचं किरणोत्सर्जन मोजलं, सरासरी 1.8 मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणारा किरणांचा मार मोजायचं माप). पृथ्वीवर आपल्याला वर्षभरात नैसर्गिकरीत्या मिळतं ते 2.4 च्या आसपास. म्हणजे दीड दिवसात वर्षभराचं, आणि एका बाजूचा प्रवासच सहा-आठ महिन्यांचा. मंगळावर उतरल्यावर मार कमी होतो, पण हवा पातळ आणि चुंबकीय कवच नाही, त्यामुळे संपत नाही. मातीत परक्लोरेट क्षार आहेत, 2008 मध्ये फिनिक्स यानाला ते सापडले, थायरॉइडला घातक. त्या मातीत भाजी उगवायची तर आधी ती धुवावी लागेल, आणि धुवायला पाणी कुठलं? म्हणून घुमटापेक्षा जमिनीखाली, लाव्ह्याच्या नळ्यांमध्ये राहणं जास्त शहाणपणाचं, असं अनेक अभ्यासक म्हणतात. लाव्ह्याच्या थरांत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांना हे सहज पटतं. वर काही मीटर कातळ असला की किरणं अडतात.

लेकीला परक्लोरेटबद्दल विचारायचं होतं, भारताच्या स्वतःच्या बेताबद्दलही. 2035 पर्यंत अंतराळ स्थानक, 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय, हे इस्रोने जाहीर केलेलं आहे. चंद्रयान-3 ने 23 ऑगस्ट 2023 ला उतरून दाखवलं, जून-जुलै 2025 मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकात जाऊन आले. या सगळ्यावर गच्चीवर एक वाक्यही झालं नाही, आणि तिथल्या निम्म्या मुलांना नेमकं तेच ऐकायचं होतं. सरांनी व्हिडिओ काढून टाकावा आणि ती वीस मिनिटं प्रश्नांना द्यावीत. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं, त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. एका दुर्बिणीवर पंचवीस माणसं, हेही जास्तच होतं; चंद्र लावलेला आणि रांग संपेपर्यंत तो नजरेतून सरकलेला, असं झालं.

बाकी उपयोगाचं. लोणारला मेहकरहून सुलतानपूरमार्गे यायचं, जालन्याकडूनही एसटी आहेत. ट्रेकिंगचेच बूट पाहिजेत असं नाही, पण पकड असलेले हवेत. उतरणीवर मुरूम सुटा आहे. पाणी माणशी दोन लिटर, खाली काही मिळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर कड्यावरचे थर धुऊन स्वच्छ दिसतात, पण वाट निसरडी असते आणि पाणी वाढलेलं असलं तर तळ्याकाठची वाट बंद असू शकते, आधी विचारा. हे अभयारण्य आहे, दगडाचा एक खडासुद्धा उचलायचा नाही. सर त्यात कडक आहेत आणि ते योग्यच. जेवण गावात पिठलं-भाकरीचं, झणझणीत, त्याबद्दल तक्रार नाही.

शाळेची सहल न्यायची असेल तर नववी-दहावीची न्या, आणि एका वेळी वीस मुलांहून जास्त नको. मोठा घोळका असला की सर पोलरॉइडच्या काचा बाहेर काढत नाहीत, कारण सगळ्यांच्या हातात द्यायला वेळ पुरत नाही. नोंदणी करतानाच सांगून ठेवा की काचा पाहिजेत.